इंजिन कुठलं

हर्णैला इंजिन म्हटलं की
पहिला प्रश्न ठरलेला: किती सिलिंडरचं?
नामा चोगल्यांनी मलाही तोच विचारला,
त्यांच्या वर्कशॉपचा माळा मागायला गेले तेव्हा.
म्हटलं, गेमचं इंजिन, काका.
म्हणाले, तेच ते. ओढायचंय काय त्याला?

ते मला सांगता आलं नाही.

स्पर्धा तशी लहानच.
प्रत्येकानं एक लेव्हल बनवायची, पाच मिनिटांत संपणारी,
बंदरात जे आहे तेवढ्यातूनच.
बक्षीस दोन हजार, बर्फाच्या कारखान्याकडून.
परीक्षक कोण, तर जो खेळेल तो.
नियमांचा कागद छापायला तयार,
फक्त दुसऱ्या ओळीत जागा मोकळी:
सर्वांनी ........ हेच इंजिन वापरावे.

त्या आठ टिंबांवर आम्ही तीन रविवार बसलो.

अकीबला हवं होतं ते मोठं, देखणं,
ज्यात सुवर्णदुर्ग पाण्यात उलटा दिसतो,
होडी गेली की फाटतो
आणि मागून हळूच शिवला जातो.
त्यानं दाखवलं तेव्हा कुणी बोललंच नाही.
खिडकीबाहेर तोच किल्ला होता
आणि आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो.

मग प्रणोतीनं विचारलं, उतरवायला किती?
चाळीस जीबी.
तिला दिवसाला मिळतो दीड.
तिनं बोटांवर मोजलं. सत्तावीस दिवस,
तेही आईला व्हिडिओ कॉल न करता.

सोहनचं म्हणणं, तो जुना गेमच घेऊ,
सगळ्यांचा हात बसलाय, बाबांच्या लॅपटॉपवरही पळतो.
पण त्यात भिंती फक्त काटकोनात.
आपल्या बंदरात काटकोनात काय आहे?
खूप विचार करून सोहन म्हणाला,
बर्फाची लादी.

आणि एक तिसरं होतं,
फुकट, पेनड्राइव्हमध्ये मावणारं,
ज्याचं नाव आम्ही चौघं चार तऱ्हांनी उच्चारायचो.
त्याचं पाणी म्हणजे निळा पत्रा.

डिझेलचे हात पुसत नामा वर आले.
बंद पडलं तर खोलता येतं का?
कुठलं, काका?
कुठलंही. बारा वाव पाण्यात कंपनीचा माणूस येत नाही.
अकीब म्हणाला, हे बंदच पडत नाही.
नामा हसले.
मग ते अजून बंदरातच आहे.

टिंबांवर मी तिसऱ्याचं नाव लिहिलं.
अकीब हेल्मेट घेऊन जिना उतरला.
त्याच्या चौदा रात्री होत्या त्या किल्ल्यात,
हे मला नंतर कळलं,
आधी कळतं तरी मी तेच लिहिलं असतं का
हे अजून कळलेलं नाही.
पुढच्या रविवारी त्याची खुर्ची कुणी हलवली नाही.

शेवटच्या रात्री, मुदतीला वीस मिनिटं असताना,
फाइल आली. अकरा एमबी. अकीब मुकादम.

डोक्यावर पाटी, पाटीत सुरमई,
आणि होडीतून लिलावापर्यंत धक्क्याच्या पायऱ्या.
भरती दर मिनिटाला एक पायरी गिळते.
किल्ला कुठाय, मी विचारलं.
म्हणाला, धुकं आहे.

पाचव्या पायरीचा कोपरा तुटलेला.
प्रणोती तिथं न बघताच उडी मारून गेली,
तसा सोहनही, तशी मीही.
कारखानदारांचा पुण्याचा पुतण्या सात वेळा पडला
आणि म्हणाला, इथं चूक राहिलीय.
आम्ही काही बोललो नाही.

मग नामा बसले,
माउस पान्यासारखा मुठीत धरून.
पायऱ्यांकडे ते वळलेच नाहीत.
भरती एवढी आली तर माणूस पोहत जातो, म्हणाले,
आणि पाटीसकट पाण्यात.

पाण्याला तळ द्यायचं अकीब विसरला होता.
नामा खाली गेले, खाली, आणखी खाली,
डोक्यावरची सुरमई तशीच,
वर निळा पत्रा टिकलीएवढा.

सगळे हसले, नामा सोडून.
त्यांनी फक्त मान वळवून अकीबकडे बघितलं.

थांबा, अकीब म्हणाला
आणि बाह्या वर सारल्या.
खोलतो.